न मोडता येणारी ठेव

१९८४ साली माझ्या वडिलांनी ताईच्या नावाने एक मुदत ठेव ठेवली. वडील प्राथमिक शिक्षक होते. पगार बेताचा आणि घरात खाणारी तोंडे सात. तरीही ताईच्या बी.एड.साठी म्हणून त्यांनी पाच वर्षांची पावती करून आणली आणि देवघरातल्या फडताळात ठेवली. १९८६ च्या पावसाळ्यात धाकट्या काकांची विहीर ढासळली, सावकार दारात येऊन बसला आणि वडील पावती घेऊन बँकेत गेले. परत आले तेव्हा कोणाशी बोलले नाहीत. ताईचे बी.एड. राहिले. तिने कधी तक्रार केली नाही आणि वडिलांनीही तो विषय मरेपर्यंत काढला नाही. काकांची विहीर मात्र बांधून झाली आणि तिचे पाणी आजही शेताला मिळते, हेही प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

‘ठेव मोडणे’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्दप्रयोग आहे. लग्न मोडते, घर मोडते, शपथ मोडते, तशीच ठेव मोडते. पुढे मी एका सहकारी बँकेत वीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीचशी मुदत ठेवींच्या खिडकीवर. मुदतीआधी ठेव मोडायला येणाऱ्या माणसाचा चेहरा मला दुरून ओळखता येऊ लागला होता. साधारण एखादा टक्का व्याज कमी होते, एका अर्जावर सही करावी लागते आणि पाच वर्षांपूर्वी स्वतःला दिलेला शब्द पाच मिनिटांत परत घेता येतो.

हे सगळे आठवायला कारण झाला ताईचा मुलगा. तो पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याची मुलगी १ मार्च २०१९ ला जन्मली. तिच्या जन्मानंतर त्याने थोडे बिटकॉइन घेऊन ठेवले होते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत तो म्हणाला, “मामा, हे तिला अठराव्या वाढदिवशी मिळावं. मधल्या काळात मला हात लावता येऊ नये. चोरापासून नाही, माझ्यापासूनच वाचवायचं आहे. असं काही करता येतं का?”

मी बारावीपर्यंतच गणित शिकलो आहे. त्यापुढचे जे काही येते ते नोकरीतल्या संध्याकाळी आणि नंतरच्या मोकळ्या दिवसांत, पुस्तके उलगडत आणि चुका करत जमवलेले. पण हा प्रश्न माझ्याच घरातला होता. त्यामागे मी दोन वर्षे लागलो. त्यातून हाताला जे लागले ते इथे मांडतो. क्रिप्टो चलन चांगले की वाईट, घ्यावे की नाही, हा या लेखाचा विषय नाही. माझ्यापुरता प्रश्न एवढाच आहे की ज्याची किल्ली मालकाच्याच हातात आहे, ते एका ठरावीक दिवसापर्यंत मालकालाही उघडता येऊ नये, असे कुलूप बनते का? इंग्रजीत त्याला ‘टाइमलॉक’ म्हणतात. मी सोयीसाठी ‘कालकुलूप’ म्हणेन.

कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत आकड्यांच्या कुलपांच्या तिजोऱ्या आल्या. कुलूप फोडणे अवघड झाले, म्हणून दरोडेखोरांनी सोपा मार्ग धरला. रात्री रोखपालाच्या घरी जायचे, बायकामुलांवर बंदूक धरायची आणि आकडे वदवून घ्यायचे. कुलूप जितके मजबूत, तितका रोखपाल असुरक्षित. यावर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या जेम्स सार्जंट या कुलूपकाराने १८७३ मध्ये उपाय काढला. तिजोरीच्या दाराला आतून घड्याळ जोडायचे आणि ठरलेले तास संपल्याशिवाय योग्य आकडे लावूनही दार उघडायचे नाही. १८७४ मध्ये इलिनॉयमधल्या मॉरिसन गावच्या बँकेत असे कुलूप बसले. यातली खुबी अशी की रोखपालाला छळून उपयोग नाही, हे दरोडेखोरालाही कळते. मालकाची असमर्थता हेच त्याचे चिलखत होते. आणखी एक बारकावा म्हणजे या कुलपांत एकाऐवजी दोन, पुढे तीन घड्याळे बसवत. एक बंद पडले तर दुसऱ्याने दार उघडावे, नाहीतर बँकच बाहेर अडकायची. हा घड्याळांचा मुद्दा लक्षात असू द्या, तो पुढे परत येणार आहे.

दीडशे वर्षांनी गोष्ट फिरून तिथेच आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये, क्रिप्टोच्या किल्ल्या सांभाळणारी उपकरणे बनवणाऱ्या लेजर या कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे घरातून अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्याचे बोट तोडण्यात आले. गणिताने कुलूप अभेद्य केले, की चोर गणित सोडून माणसाकडे वळतो.

आता बिटकॉइनकडे येऊ. पुष्कळांची समजूत असते की बिटकॉइन आपल्या फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हमध्ये ‘असते’. तसे नाही. जगभर हजारो संगणकांवर एकच खातेवही आहे. ३ जानेवारी २००९ ला तिचे पहिले पान लिहिले गेले. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. वहीत प्रत्येक रकमेपुढे माणसाचे नाव नसते, एक अट लिहिलेली असते. सर्वसाधारण अट अशी : ‘जो अमुक किल्लीची सही दाखवेल, त्याने ही रक्कम हलवावी.’ तुमच्याकडे असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. हे एकदा पटले की पुढचे सोपे आहे. अट लिहिता येते, तर अटीत तारीखही लिहिता आली पाहिजे.

बिटकॉइनच्या मूळ रचनेत तारखेसाठी एक जागा होती, पण ती रकमेच्या अटीत नव्हती, व्यवहारावर होती. म्हणजे तुम्ही आज सही करून असा व्यवहार तयार करू शकत होता, जो जाळे अमुक तारखेआधी वहीत घेणार नाही. बँकवाल्याला हे लगेच ओळखू येते. हा पुढच्या तारखेचा चेक झाला! आणि त्यात तोच दोष आहे. पुढच्या तारखेचा चेक दिला म्हणून खाते गोठत नाही. चेक लिहिणारा उद्याच खात्यातून सगळे पैसे काढून मोकळा होऊ शकतो. ज्याला स्वतःपासूनच पैसे वाचवायचे आहेत, त्याच्या हे काय कामाचे?

त्यावर एक अघोरी तोड होती. पुढच्या तारखेच्या व्यवहारावर सही करायची आणि मग मूळ किल्ली नष्ट करून टाकायची. आता नवी सही कोणालाच करता येत नाही, उरतो तो एकच लिहून ठेवलेला चेक. पण तो हरवला तर सगळेच गेले. शिवाय वहीत नोंद करून घेण्यासाठी द्यावे लागणारे शुल्क त्या चेकवर आजच ठरवून टाकावे लागते, आणि दहा-बारा वर्षांनी ते पुरेसे असेल की हास्यास्पद, हे आज कोण सांगणार?

खरे कालकुलूप आले डिसेंबर २०१५ मध्ये. पीटर टॉड या कॅनडातल्या तंत्रज्ञाने २०१४ मध्ये मांडलेली सूचना जाळ्याने स्वीकारली आणि खुद्द रकमेच्या अटीत तारीख लिहिण्याची सोय झाली. हे घडवले कसे, ते मला फार आवडले. अट थेट घड्याळाकडे पाहत नाही. ती एवढेच म्हणते : ‘ज्या व्यवहाराने मला हलवायचे, त्या व्यवहारावर या तारखेची किंवा नंतरची तारीख घातलेली असली पाहिजे.’ आणि व्यवहारावरची तारीख उजाडण्याआधी तो न स्वीकारण्याचा नियम तर जाळ्यात पहिल्यापासून होताच. जुन्या चेकचाच नियम, पण आता पैशानेच हट्ट धरला की मी पुढच्या तारखेच्या चेकशिवाय हलणार नाही. किल्ली मालकाच्या खिशात, सही अस्सल, तरीही रक्कम जागची हलत नाही. अर्ज नाही, खिडकी नाही, खिडकीवर मी नाही.

माझ्या भाच्याला हेच हवे होते. मग प्रश्न आला तारखेचा.

या वहीत तारीख दोन तऱ्हांनी लिहिता येते, पानाच्या क्रमांकाने किंवा कालमापनाच्या सेकंदांनी. आणि दोन्ही एकाच रकान्यात लिहितात. तो आकडा पन्नास कोटींपेक्षा लहान असेल तर जाळे त्याला पानाचा क्रमांक समजते, पन्नास कोटी किंवा जास्त असेल तर १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद. पन्नास कोटी सेकंद म्हणजे नोव्हेंबर १९८५. बिटकॉइनच्या आधीचाच काळ, म्हणून गोंधळ होणार नाही, असा त्यामागचा हिशोब.

पानाचा क्रमांक दिसायला भरवशाचा वाटतो. दर दहा मिनिटांनी एक, दिवसाला १४४, वर्षाला साधारण साडेबावन्न हजार. पण मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दहा मिनिटांचा हिशोब काटेकोर पाळला असता तर ८,४०,००० वे पान डिसेंबर २०२४ च्या शेवटी लिहिले गेले असते. प्रत्यक्षात ते लिहिले गेले २० एप्रिल २०२४ ला. पंधरा वर्षांत वही आठ महिने पुढे धावली! कारण असे की पाने लिहिण्याच्या शर्यतीत संगणक वाढत गेले. दर २०१६ पानांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, काम पुन्हा अवघड केले जाते खरे, पण मधल्या काळात वही थोडी घाईतच असते. थोडे थोडे म्हणत आठ महिने साठले. वाढदिवसाची भेट द्यायची असेल तर पानाचा क्रमांक उपयोगाचा नाही.

मग सेकंद. १ मार्च २०३७, ग्रीनिचची मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच : २११९४७८४००. हा आकडा मी तीन वेळा काढला आणि भाच्याने संगणकावर पडताळला. एवढी काळजी का, ते सांगतो. यातला शेवटचा एक शून्य लिहायचा राहिला, तर आकडा एकवीस कोटींच्या घरात येतो. म्हणजे पन्नास कोटींपेक्षा लहान, म्हणजे पानाचा क्रमांक. ते पान लिहिले जायला आजपासून सुमारे चार हजार वर्षे लागतील. उलट एक शून्य जास्त पडला, तर तो आकडा व्यवहारावरच्या तारखेच्या जागेत मावतच नाही. तिथे २१०६ सालापर्यंतचेच सेकंद बसतात. म्हणजे कुलूप कधीच उघडणार नाही. बँकेत आकडा चुकला तर दुरुस्तीला जागा असते. लाल शाईने खोडून, बाजूला सही करून मी अशा कितीतरी चुका निस्तरल्या आहेत. इथे लाल शाई नाही.

आणि ‘आता किती वाजले’ हे ठरवते कोण? या जाळ्यात मध्यवर्ती घड्याळ नाही. पान लिहिणाराच त्यावर वेळ टाकतो आणि तो थोडी थाप मारू शकतो. पुढची वेळ टाकून कुलपातला व्यवहार लवकर वहीत घ्यायचा आणि त्याचे शुल्क खिशात टाकायचे, असा मोह त्याला होऊ शकतो. म्हणून २०१६ मध्ये नियम आला की कुलपासाठी मागच्या अकरा पानांवरच्या वेळा चढत्या क्रमाने मांडायच्या आणि मधली, म्हणजे सहावी, धरायची. एकटा थापाड्या मग फार काही करू शकत नाही. सार्जंटची दोन घड्याळे इथे अकरा झाली! या पद्धतीने जाळ्याचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा साधारण तासभर मागे राहते. भाचेनातीला तिची भेट साडेपाचऐवजी साडेसहाला मिळेल, चालेल.

एक व्यवहारी सूचना इथेच देतो, कारण ती सहसा कोणी देत नाही. वहीत ही अट उघड लिहिलेली नसते, अटीचा गणिती ठसा असतो. रक्कम सोडवताना किल्लीबरोबर ती मूळ अट अक्षरशः जशीच्या तशी सादर करावी लागते. म्हणजे बारा वर्षे दोन गोष्टी जपायच्या, किल्ली आणि अटीचा कागद. किल्ली जपली आणि अट हरवली अशी वेळ येऊ शकते, कारण किल्ली महत्त्वाची असते हे सगळ्यांना ठाऊक असते, दुसऱ्या कागदाचे महत्त्व कोणी सांगितलेलेच नसते.

इथरियम या दुसऱ्या मोठ्या जाळ्यात, जे ३० जुलै २०१५ ला सुरू झाले, कालकुलूप बनवणे वरवर आणखी सोपे आहे. तिथे वहीतच छोटे कार्यक्रम लिहून ठेवता येतात. ‘या तारखेपर्यंत कोणालाही काही देऊ नकोस’ असे चार ओळींत सांगता येते. पण कार्यक्रम म्हटला की चूक आली. ६ नोव्हेंबर २०१७ ला पॅरिटी नावाच्या पाकिटांच्या शेकडो खात्यांचा सामाईक आधार असलेला कार्यक्रम एका वापरकर्त्याच्या हातून कायमचा पुसला गेला आणि पाच लाखांहून जास्त इथर अडकून पडले. ते कोणी चोरले नाहीत. वहीत ते आजही सगळ्यांना दिसतात. कोणालाच हलवता येत नाहीत, इतकेच.

इथरियमचीच त्याआधीची एक गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलकी वाटते. २०१६ मध्ये ‘द डाओ’ नावाचा एक सामाईक निधी उभा राहिला. १७ जून २०१६ ला त्याच्या कार्यक्रमातल्या फटीचा फायदा घेऊन कोणीतरी सुमारे ३६ लाख इथर बाहेर वळवले. पण नियमच असा होता की अशी वळवलेली रक्कम सुमारे चार आठवडे बाहेर काढता येत नाही. तिजोरी फोडली, पण चोर तिजोरीच्याच कालकुलपात अडकला! त्या चार आठवड्यांत जगभर खडाजंगी झाली. एक पक्ष म्हणाला, चोरी उघड आहे, वहीच दुरुस्त करू. दुसरा म्हणाला, वही दुरुस्त करता येते असे एकदा दिसले की तिचा अर्थच संपला. २० जुलै २०१६ ला बहुसंख्यांनी वही बदलली आणि पैसे परत मिळवले. न मानणाऱ्यांनी जुनीच वही पुढे चालवली, ती आजही ‘इथरियम क्लासिक’ नावाने चालू आहे. मी अनेकदा विचार केला की मी कोणत्या बाजूला उभा राहिलो असतो. बँकेतला माणूस म्हणून पहिल्या. ताईचा भाऊ म्हणून, बहुधा दुसऱ्या. कालकुलपापुरते बोलायचे तर ते गणिताचे असले तरी ज्या भिंतीत बसवले आहे ती भिंत माणसांच्या संमतीची आहे, एवढे तेव्हा दिसले.

कुलपाची तारीखच माहीत नसताना लाखो लोकांनी पैसे अडकवल्याचे उदाहरणही इथरियमचेच. १ डिसेंबर २०२० ला सुरू झालेल्या नव्या व्यवस्थेत भाग घ्यायला किमान ३२ इथर ठेव म्हणून ठेवावे लागत. परत कधी मिळणार? ती सोय नंतर बांधू, असे उत्तर होते. सोय आली १२ एप्रिल २०२३ ला. आपल्याकडे कोणी अशी ठेव योजना काढली असती तर तिच्या खिडकीवर बसायला मी नकार दिला असता. आणि तरीही लोकांनी ठेवले आणि त्यांना परत मिळाले, हे मान्य करावे लागते.

मोठ्या मंडळींना कालकुलूप लागते ते विश्वास दाखवण्यासाठी. रिपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये आपल्याकडचे ५५ अब्ज एक्सआरपी कुलपात टाकले, दर महिन्याला एक अब्ज सुटतील अशा बेताने. आम्ही एकदम सगळे बाजारात ओतणार नाही, असे सांगण्याची ही पद्धत.

हे सगळे झाले खातेवहीतले. पण वहीच नको असेल तर? केवळ गणिताने काळ अडवता येतो का? क्रिप्टो चलने जन्मण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न विचारला गेला होता. टिमोथी मे या अमेरिकी तंत्रज्ञाने १९९३ मध्ये तो मांडला आणि १९९६ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि वॅग्नर यांनी त्यावर एक निबंध लिहिला. त्यांनी दोन वाटा दाखवल्या. एक, किल्ली विश्वासू माणसांकडे वाटून ठेवायची. दुसरी, किल्ली अशा कोड्यात लपवायची की जे सोडवायला ठरावीक काळ लागेलच, कितीही संगणक लावले तरी.

दुसरी वाट ऐकायला जादूची वाटते, पण आपल्या स्वयंपाकघरात ती रोज घडते. दही लागायला एक रात्र जावी लागते. दूध दहा भांड्यांत विरजले म्हणून ते तासाभरात लागत नाही. तसे गणित असे : एक आकडा घ्या, त्याचा वर्ग करा, एका ठरावीक मोठ्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीचा पुन्हा वर्ग करा, पुन्हा बाकी. प्रत्येक पायरीला मागच्या पायरीचे उत्तर लागते, म्हणून काम वाटून घेता येत नाही. मात्र ती मोठी संख्या ज्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली, त्या ज्याला ठाऊक आहेत त्याच्याकडे आडवाट असते. कोडे घालणारा उत्तर क्षणात काढतो, सोडवणाऱ्याला जिना पायरीपायरीनेच चढावा लागतो.

एप्रिल १९९९ मध्ये रिव्हेस्ट यांनी एमआयटीमधल्या आपल्या प्रयोगशाळेच्या पस्तिसाव्या वर्धापनदिनी असे एक कोडे घातले. पायऱ्या किती? ७,९६,८५,१८,६८,५६,२१८. आपल्या भाषेत सुमारे ऐंशी लाख कोटी. संगणक पुढे किती वेगवान होतील याचा अंदाज धरून त्यांनी पस्तीस वर्षांचा हिशोब मांडला होता. कोडे सुटेल तेव्हा उघडायची एक पेटीही तयार केली होती. आणि १५ एप्रिल २०१९ ला, म्हणजे पंधरा वर्षे आधीच, बेल्जियमच्या बर्नार फाब्रो यांनी उत्तर कळवले. हे गृहस्थ प्रोग्रॅमिंग स्वतःच शिकलेले. घरातल्या साध्या संगणकाचा एक कोपरा त्यांनी साडेतीन वर्षे या एकाच कामाला लावून ठेवला होता. त्याच वेळी एक दुसरा चमू खास बनवलेल्या चिपांवर तेच काम दोन महिन्यांत उरकत आला होता. फाब्रो त्यांच्या जेमतेम महिनाभर आधी पोचले. स्वतः शिकलेल्या माणसाने गाठलेला हा टप्पा वाचून मला झालेला आनंद मी लपवत नाही. पण कुलूप म्हणून पाहिले तर निकाल काय लागला? पस्तीस वर्षांचे कुलूप एकाने साडेतीन वर्षांत उघडले, दुसऱ्यांनी दोन महिन्यांत उघडत आणले. कोडे कालावधी अडवत नाही, श्रम अडवते. आणि श्रमाचा भाव उद्या काय असेल हे रिव्हेस्टनाही सांगता आले नाही. शिवाय भाचेनातीने अठराव्या वाढदिवसाच्या आधी साडेतीन वर्षे संगणक चालू ठेवायचा का? ही वाट आम्ही सोडली.

पहिल्या वाटेचे, म्हणजे विश्वासू राखणदारांचे, आधुनिक रूप अधिक कामाचे आहे. २०१९ मध्ये काही विद्यापीठे आणि कंपन्या यांनी ‘लीग ऑफ एन्ट्रॉपी’ नावाचे मंडळ उभे केले. लोझानची तंत्रसंस्था, चिली विद्यापीठ, क्लाउडफ्लेअर ही त्यातली काही नावे. हे मंडळ ठरावीक अंतराने, आता काही सेकंदांनी, एक सामाईक सही जगासमोर ठेवते. पुरेशा सभासदांनी हातभार लावल्याशिवाय ती बनत नाही. २०२३ पासून तिचा वापर कुलपासारखा करता येतो. भविष्यातल्या अमुक क्रमांकाची सही हीच किल्ली होईल, अशा बेताने मजकूर आज बंद करायचा. तो क्रमांक येईपर्यंत कोणालाच तो वाचता येत नाही, आल्यावर सगळ्यांना वाचता येतो. महिनाभराच्या गुप्त लिलावासाठी उत्तम. पण २०३७ ला हे मंडळ असायला हवे, आणि मधल्या काळात सभासदांनी संगनमत करायला नको. आमच्या बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक माझ्याकडे, एक शाखाधिकाऱ्यांकडे. दोघांनी ठरवले असते तर तिजोरी कोणत्याही रात्री उघडली असती.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. २०१५ चे बिटकॉइनचे कुलूप वापरायचे, असे जवळपास ठरले. मी एक शंका काढली होती. मधल्या बारा वर्षांत सह्यांचे आजचे गणित कच्चे ठरले आणि सगळ्यांना आपापल्या रकमा नव्या पद्धतीच्या अटींखाली हलवाव्या लागल्या, तर कुलपातली रक्कम हलणार कशी? आज पुंज संगणकांची चर्चा ज्या तऱ्हेने चालू आहे, ती पाहता ही शंका रिकामटेकडी नाही. भाचा म्हणाला, तेवढी जोखीम घेऊ.

मग ताई आली. ती आता साठीपुढची आहे. आम्ही कागद पसरून बसलो होतो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि मधेच पोर आजारी पडली तर?”

भाचा म्हणाला, “त्यासाठी विमा आहे, आई.”

“विमा असतोच रे. मी विचारतेय, हे पैसे निघतील की नाही?”

निघणार नव्हते. सरकारी सुकन्या समृद्धी योजनेतही कुलूप आहे. २०१५ पासूनची ही योजना, खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांची. पण मुलगी अठराची झाली किंवा दहावी झाली की शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते, आणि जिवावरच्या दुखण्यासारख्या कारणाने खाते आधी बंदही करता येते. ती फट कायदा लिहिणाऱ्यांनी विसरून ठेवलेली नाही. बिटकॉइनच्या अटीत करुणेचा रकाना आपोआप येत नाही, तो आपणच लिहावा लागतो.

ताई पुढे बोलली ते मी चाळीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकले नव्हते. “बाबांनी मोडली म्हणून मला राग नव्हता. विचारलं नाही, त्याचा होता. ती माझ्या नावावर होती ना?”

त्या रात्री आम्ही अट नव्याने लिहिली. बिटकॉइनमध्ये एकाच रकमेला दोन दारे ठेवता येतात. पहिले दार : १ मार्च २०३७ नंतर मुलीच्या एकटीच्या किल्लीने. दुसरे दार : त्याआधी केव्हाही, पण भाचा, त्याची बायको आणि ताई अशा तिघांच्या सह्यांनी, एकही कमी चालणार नाही. लिहून झाल्यावर मीच एक खोट काढली. ताईला काही झाले तर दुसरे दार कायमचे बंद होते.

त्यावर उपाय होता, २०१६ मध्ये आलेले दुसऱ्या जातीचे कुलूप. हे तारखेपासून मोजत नाही, रक्कम त्या अटीखाली आल्यापासून मोजते. ‘ही रक्कम अमुक इतकी पाने जागची हलली नाही, तर मग दुसऱ्या किल्लीनेही उघडेल.’ मालक जिवंत आणि शुद्धीवर असेपर्यंत तो वर्षातून एकदा रक्कम या हातातून त्या हातात करतो आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. तो गेला, की वाढत जाणारी शांतताच वारसाला दार उघडून देते. वारसा नोंदवण्यासाठी ज्यांना बँकेचा नॉमिनीचा रकाना नाही, त्यांच्यासाठी हा फार मोलाचा शोध आहे. डिसेंबर २०१८ मध्ये कॅनडातल्या क्वाड्रिगा या क्रिप्टो बाजाराचा तरुण संस्थापक आपल्याकडे जयपूरमध्ये वारला. किल्ल्या त्याच्या एकट्याकडेच होत्या, असे तेव्हा सांगण्यात आले आणि हजारो ग्राहक हवालदिल झाले. पुढे चौकशीत निघाले की पेट्या आधीच रिकाम्या होत्या आणि कॅनडाच्या नियामकांनी तो सरळ घोटाळा ठरवला. पण ‘एकाच माणसाकडे किल्ली आणि तो गेला’ ही सबब लोकांना क्षणभर खरी वाटली, यातच बरेच आले.

या जातीच्या कुलपाची मोजणी फार लांब जात नाही. जास्तीत जास्त ६५,५३५ पाने, म्हणजे सुमारे सव्वा वर्ष. म्हणून भाच्याला दरवर्षी एकदा तिघांच्या सह्या घेऊन रक्कम नव्याने त्याच अटीखाली ठेवावी लागेल. ताईची सही वर्षभरात झाली नाही, तर उरलेल्या दोघांच्या सह्या पुरतील. भाचा म्हणाला, हे तर कुलूप कमी आणि श्राद्धतिथी जास्त झाली. ताई हसली. तिला ही तारीख भाऊबीजेची हवी होती, म्हणजे मीही हजर असेन.

आधी आम्ही अगदी थोडी रक्कम एका आठवड्याच्या कुलपात टाकून पाहिली. सहाव्या दिवशी भाच्याने ती सोडवायचा प्रयत्न केला, जाळ्याने नकार दिला. आठव्या दिवशी सुटली. मग खरी रक्कम ठेवली. करांचा प्रश्न वेगळाच. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेवरच्या नफ्याला आपल्याकडे तीस टक्के कर आहे, आणि २०३७ मध्ये काय असेल ते कोणत्याच अटीत लिहिता येत नाही.

ताईची किल्ली चोवीस शब्दांच्या रूपात निघाली. हे शब्द २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. इंग्रजी, जपानी, फ्रेंच अशा काही भाषांत त्या याद्या आहेत, मराठीत नाही. तिने चष्मा लावला आणि चोवीस इंग्रजी शब्द एकेक अक्षर जुळवत वहीत उतरवले, दोनदा तपासले आणि आम्हाला खोलीबाहेर जायला सांगितले. वही तिने कुठे ठेवली, ते मी विचारले नाही.